रिकाम्या पुंगळीचा परवाना

टेबलाच्या कडेला बोल्टने आवळून बसवलेली हातभर उंचीची लोखंडी तरफ. दांडा खाली ओढला की मधला दट्ट्या वर सरकतो, सोडला की खाली येतो. तिच्यात दारू नसते, शिसे नसते, तिच्यातून काही उडत नाही. तरीही भारतीय कायद्याच्या लेखी ती तरफ स्वतःच दारूगोळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे दुसरे कलम दारूगोळ्याची व्याख्या करताना रॉकेट, बॉम्ब, हातबॉम्ब, तोफगोळे अशी यादी लावते आणि सहाव्या उपखंडात दारूगोळ्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्री यांनाही त्याच पंगतीला बसवते. वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याच्या साधनांना सरकारने परवाना लावावा की नाही, हा वाद काही देशांत अधूनमधून पेटतो. आपल्याकडे तो तत्त्वतः केव्हाच निकालात निघालेला आहे: परवाना हवाच. मात्र नेमबाजाला, क्लबला तो कोणत्या खिडकीवर मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो, हे विचारायला गेले की उत्तर धूसर होत जाते. या लेखाचे म्हणणे असे की नियंत्रण असायलाच हवे, पण आज त्याचा सगळा भार चुकीच्या वस्तूवर टाकलेला आहे. तरफ मोकळी सोडली तरी फार बिघडत नाही. बोटाच्या नखावर मावेल एवढी टोपी मात्र एकेक करून मोजली पाहिजे. बेंगळुरूसारख्या शहरातून या प्रश्नाकडे पाहिले की तो विशेष स्पष्ट दिसतो, कारण लेथ, नेमबाजीची रेंज, बंदूक कंपनी आणि गोळ्यांचे ठसे वाचणारी प्रयोगशाळा, सगळे या एकाच शहरात आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. काडतूस चार गोष्टींचे असते: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात दाबून बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीतले नाजूक रसायन ठिणगी टाकते, दारू पेटते आणि गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी मागे राहते, थोडी फुगलेली, तोंडाशी काळवंडलेली. चौघांत सहसा तीच सर्वांत महाग, म्हणून ती फेकून देणे नेमबाजाच्या जिवावर येते. जुनी टोपी ढकलून काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि वरून गोळी दाबायची, एवढाच हा उद्योग. अमेरिकेत, कॅनडात, फिनलंडमध्ये तो लोक घरी, गॅरेजमध्ये करतात. पैसे वाचतात हे एक कारण. दूर पल्ल्याच्या नेमबाजाला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते: प्रत्येक काडतुसातली दारू कणाकणाने सारखी असावी हा त्याचा हट्ट असतो आणि कारखान्याचा माल तो पुरवतोच असे नाही. या सगळ्या कामात तरफेचा वाटा फक्त दाब देण्याचा. जे पेटते ते टोपीत आणि दारूत असते.

मग कायद्याने यंत्राला का धरले? त्यासाठी १८७८ पर्यंत मागे जावे लागते. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे आले, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा आणि हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र मोजणारा. पहिला लॉर्ड रिपनने रद्द केला; दुसरा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे चालला. १८७८ च्या त्या कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या अशी की बंदुकीची चकमक, बाराचे डट्टे, टोप्या, फ्यूज, दारूगोळ्याचे सर्व भाग आणि तो बनवण्याची सर्व यंत्रे तीत आली. शिसे, गंधक आणि सोरा यांना मात्र त्यातून स्पष्टपणे वगळून लष्करी सामानाच्या वेगळ्या सदरात टाकले. आज वाचताना हे उलटे वाटते. बार ज्या पदार्थांचा होतो ते व्याख्येच्या बाहेर आणि लोखंड आत. पण त्या काळी त्यात व्यवहार होता. सोरा आणि गंधक बाजारात वैद्यापासून शोभेची दारू करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागत; ते अडवणे शक्य नव्हते. काडतुसे बनवणारे यंत्र मात्र अवजड होते, विलायतेहून जहाजाने येत होते आणि बंदरावर अडवता येत होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला होता. असा दुसरा कारखाना एखाद्या संस्थानिकाने उभारू नये, ही धास्ती साम्राज्याला असणारच. १८५७ ला जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि तो भडकाही काडतुसापाशीच उडाला होता. १९५९ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा कायदा केला, बराचसा उदार केला, पण यंत्राबद्दलची ती तरतूद जवळपास तशीच पुढे आली.

ज्या तर्काने १८७८ मध्ये यंत्र अडवले, तो तर्क आजच्या बेंगळुरूत टिकत नाही. एचएमटीने १९५३ पासून या शहरात यंत्रे बनवणारी यंत्रे घडवली, त्यातून कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या, आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आज गल्लोगल्ली लेथ, मिलिंग आणि सीएनसीची जॉबवर्क चालतात. विमानाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपला तरफ, दट्ट्या आणि पोलादी साचा करणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. शिवाय तशी तरफ खास बनवून घ्यायचीही गरज नाही. आर्बर प्रेस नावाचा साधा हातदाब-यंत्राचा प्रकार हार्डवेअरच्या बाजारात उघड मिळतो, बेअरिंग बसवायला वापरतात, आणि परदेशातले काही अव्वल नेमबाज गोळी दाबायला तोच वापरतात. मग तेच यंत्र एका टेबलावर अवजार आणि दुसऱ्या टेबलावर दारूगोळा ठरणार का? हेतूवरून ठरवायचे म्हटले तर हेतू सिद्ध करणारा पुरावा यंत्रात नसतो. तो शेजारी ठेवलेल्या टोप्यांच्या डबीत असतो. लोखंडाच्या नळीचेही असेच. १९१२ मध्ये याच शहरात मद्रास सॅपर्सच्या कॅप्टन मॅक्लिंटॉकने नळीत स्फोटके ठासून काटेरी तारांची कुंपणे उडवण्याची युक्ती काढली. बँगलोर टॉर्पेडो या नावाने ती दोन्ही महायुद्धांत वापरली गेली. त्यानंतर कोणी नळ विकणाऱ्यांना परवाना लावला नाही, आणि लावला असता तर तो निव्वळ गंमतीचा विषय झाला असता.

नियंत्रणच नको असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही, आणि त्याचे कारणही बेंगळुरूतच सापडते. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री राजराजेश्वरीनगरमध्ये गौरी लंकेश यांची त्यांच्या घराच्या दाराशी गोळ्या झाडून हत्या झाली. त्याआधी दोन वर्षे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी, धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांची त्यांच्या घरीच हत्या झाली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर. मराठी वाचकाला या चार तारखा सांगाव्या लागत नाहीत. कर्नाटकाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने धारवाड आणि बेंगळुरू या दोन ठिकाणच्या गोळ्या व पुंगळ्या ताडून पाहिल्या आणि दोन्ही ठिकाणी एकच ७.६५ मिलिमीटरचे गावठी पिस्तूल वापरले गेल्याचा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाने तपासाची दिशा ठरली. दोन शहरांतले, दोन वर्षांच्या अंतरावरचे दोन गुन्हे एका धाग्यात आले ते जमिनीवर पडलेल्या पितळेमुळे.

तो धागा कसा दिसतो तेही जवळून पाहावे. तुलना करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला दोन भिंगे असतात. एकाखाली एका गुन्ह्यातली पुंगळी, दुसऱ्याखाली दुसऱ्या गुन्ह्यातली, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर दोन्ही बुडे मधल्या बारीक रेषेला चिकटून उभी राहतात. पिनने टोपीवर पाडलेला खड्डा, बंदुकीच्या मागच्या भिंतीने उमटवलेले ओरखडे, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या हुकाची कडेवरची खूण. या रेघा एका बाजूने निघून मधली रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जुळल्या की हत्यार एकच. आता तीच पुंगळी आधी एकदा दुसऱ्याच पिस्तुलातून उडालेली आणि नंतर भरलेली असेल तर? टोपी नवी असते, म्हणून पिनची खूण नवी. पण हुकाच्या आणि कोठीच्या जुन्या खुणा पितळेवर तशाच राहतात आणि साच्यात दाबताना आणखी ओरखडे पडतात. कसलेला तज्ज्ञ त्यातूनही वाट काढतो, पण बचाव पक्षाच्या वकिलाला शंकेची जागा मिळते. दुसरे नुकसान याहून मोठे. पुंगळीच्या बुडावर कारखान्याची अक्षरे कोरलेली असतात. उत्तर भारतातल्या कट्ट्यांच्या खटल्यांत निकालपत्रांतून वारंवार भेटणारी '८ एमएम केएफ' ही नोंद म्हणजे खडकी फॅक्टरीची मोहोर. कट्टा गावठी असतो, त्यातले काडतूस मात्र बहुतेक वेळा कारखान्यातले असते, आणि म्हणून ते कोणाच्या तरी परवान्यावरून, कोणत्या तरी दुकानातून गळालेले असते. त्या गळतीचा माग काढणे हे पोलिसांच्या हातातले खरे हत्यार. पुंगळी एकदा बाहेर भरली गेली की बुडावरची मोहोर तिच्या मागच्या जन्माची गोष्ट सांगते, या गुन्ह्याची नाही.

म्हणजे धोका खरा आहे. तो कोणत्या भागात साठतो एवढाच प्रश्न उरतो. पितळ पुन्हा पुन्हा वापरता येते, गोळी शिशाची असते आणि शिसे जुन्या बॅटरीतही मिळते, तरफेचे आपण पाहिलेच. दारू बनवणे अवघड आहे, पण ओबडधोबड काळी दारू माणूस शतकानुशतके करत आला आहे. टोपीचे तसे नाही. जेमतेम अर्धा ग्रेन रसायन, धक्क्याला संवेदनशील पण हाताळताना न पेटणारे, धातूच्या वाटीत सारख्या जाडीने बसवलेले, दरवेळी न चुकता पेटणारे: हे काम कारखान्याचेच. शिवाय टोपी एकदाच वापरता येते. प्रत्येक बारामागे एक, म्हणजे टोप्या मोजल्या की बार मोजले. नियंत्रणाला यापेक्षा सोयीची वस्तू मिळणार नाही.

ब्रिटनने हे आपल्याआधी ओळखले. बंदुकीच्या बाबतीत तिथला कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी आहे, तरी पुंगळ्या भरण्याची तरफ तिथे कोणीही विकत घेऊ शकतो. २००६ च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्याने मात्र टोप्यांवर बोट ठेवले: बंदुकीचे प्रमाणपत्र किंवा तसाच अधिकार दाखवल्याशिवाय टोप्या विकणे व घेणे हा गुन्हा. पुढे अनुभवाने कळले की सुटे भाग जमवून बेकायदा काडतुसे बनवणाऱ्याला पकडले तरी बनवलेले काडतूस हाती नसेल तर खटला लंगडा पडतो, म्हणून २०२३ च्या कायद्याने काडतुसे बनवण्याच्या हेतूने सुटे भाग बाळगणे हाही गुन्हा ठरवला. अमेरिकेचा रस्ता वेगळा. १९६८ च्या कायद्याने पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी या चारही भागांना दारूगोळा म्हटले, तरफेला नाही; पण १९८६ मध्ये दुकानदारांवरचे बहुतेक नोंदी ठेवण्याचे बंधनच काढून टाकले, त्यामुळे व्याख्या कागदावर राहिली. स्वतःसाठी भरणाऱ्याला तिथे परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरणाऱ्याला लागतो. दोन टोकांच्या या दोन देशांचे यंत्र सोडून देण्यावर एकमत आहे. त्यांच्या वाटा फुटतात त्या नोंदीपाशी, आणि मला विचाराल तर ब्रिटनची वाट आपल्याला अधिक मानवेल, कारण परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिण्याची सवय आपल्या व्यवस्थेला आधीपासूनच आहे.

आणखी एक सवय आहे, जिच्याकडे या चर्चेत कोणी पाहत नाही: ठासणीची बंदूक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पलीकडे मलनाडात आणि कोडगूत, रानडुकरांपासून शेत राखायला शेतकरी ती परवान्यावर वापरत आला आहे. तिला काडतूस नसतेच. नळीत दारू ओतायची, वर डट्टा, वर छर्रे, गजाने ठासायचे, निप्पलवर केप चढवायची आणि बार काढायचा. म्हणजे प्रत्येक बार हाताने भरलेला. दारू, केपा आणि छर्रे वेगवेगळ्या डब्यांत घरी ठेवण्याइतका विश्वास सरकारने या शेतकऱ्यावर दीडशे वर्षे टाकला. त्याच तीन वस्तू पितळी पुंगळीत गेल्या की मात्र ती दारूगोळ्याची निर्मिती होते आणि कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. कोडगूत ही विसंगती आणखी टोकाला जाते. कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना १८६१ मध्ये चीफ कमिशनर मार्क कबनने दिलेली सूट आजही चालू आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. ही सूट बंदूक बाळगण्याच्या परवान्यापुरती, म्हणजे कलम ३ आणि ४ पुरती आहे. त्यामुळे कोडगूतल्या माणसाला परवान्यावाचून बंदूक ठेवता येते, पण त्या बंदुकीचे एक रिकामे काडतूस भरता येत नाही. कायद्याच्या अंगाने दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. धोक्याच्या अंगाने त्यांचा क्रम कसा लावायचा, हे मला तरी सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप खेळाच्या बाजूने येत नाही, खेळाच्या विरुद्ध बाजूने येतो: हे हवे कोणाला? प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते पॉइंट टू-टू रायफलने. त्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारे रसायन पुंगळीच्या काठात पसरलेले असते आणि पिन काठावरच आदळते. काठ एकदा चेपला की ती पुंगळी संपली. दहा मीटरच्या प्रकारांत तर हवेची बंदूक, काडतूसच नाही. भारताने नेमबाजीत मिळवलेली बरीच पदके अशा प्रकारांतली आहेत, जिथे पुंगळी भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ट्रॅप आणि स्कीटवाले छर्ऱ्यांची काडतुसे ढिगाने उडवतात, पण त्यांचीही मोठी अडचण तयार काडतुसांच्या पुरवठ्याची असते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने खेळाडूंच्या वार्षिक काडतुसांच्या मर्यादा बऱ्याच वाढवून ती काही अंशी सोडवली. राहिले सेंटर फायर पिस्तूल आणि मोठ्या बोअरच्या रायफलीवाले. त्यांची संख्या थोडी. पण गरज थोडी आहे म्हणून नियम धूसर ठेवावा, हा तर्क मला उलटा वाटतो. थोड्यांसाठी नीट दार बांधणे सोपे असते. आणि ही संख्या थोडीच राहील असेही नाही. बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या खासगी कंपनीने .३३८ ची स्नायपर रायफल बनवली आहे. २०१७ मध्ये सरकारने शस्त्रनिर्मितीचे परवाने कंपनी चालू आहे तोवर वैध केले. एवढ्या लांब पल्ल्याच्या हत्यारांची चाचणी आणि सराव करणाऱ्यांना हाताने भरलेली काडतुसे लागतात. कारखान्याला आयुष्यभराचा परवाना आणि क्लबला एका तरफेसाठी कोणती खिडकी ते माहीत नाही, ही स्थिती धोरण म्हणून कोणी ठरवलेली दिसत नाही; ती होऊन बसली आहे.

धूसर नियमाची किंमत २०१९ नंतर फार वाढली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप केली. हेतू स्पष्ट होता: बिहारमधल्या मुंगेरच्या धर्तीवर चालणारे कट्ट्यांचे कारखाने मोडायचे. त्याला कोणाची हरकत असू नये. पण कलम ५ मधल्या बनवणे या शब्दात परवानाधारक नेमबाजाने आपल्याच बंदुकीसाठी स्वतःच्या पाच पुंगळ्या भरणेही बसते, आणि टोळीला लागू होणारी किमान सात वर्षे त्यालाही लागतात. भाग नुसते जवळ बाळगणाऱ्याला थोडा आधार आहे. पंचेचाळिसाव्या कलमाच्या (घ) खंडात, जोडीच्या इतर भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगायला सूट दिली आहे. विमानतळावर बॅगेत विसरलेले एखादे काडतूस सापडलेले प्रवासी न्यायालयात याच खंडाचा आधार घेतात. शिवाय ताबा जाणीवपूर्वक असायला हवा हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल निकालापासून सांगितले आहे. तरफेला हा आधारही पुरा पडत नाही. सूट भागांना आहे, आणि यंत्र हा काडतुसाचा भाग नव्हे. म्हणजे रिकामी पुंगळी बाळगणारा सुटू शकतो आणि ती दाबणारे लोखंड बाळगणारा अडकू शकतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जुलै २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीने. दारूही मारेकऱ्याने स्वतःच तयार केली होती. जपानइतके कडक नियंत्रण असूनही हे झाले, तर टोप्या मोजून काय होणार? होणार ते एवढेच: एकटा, चिकाटीचा, महिनोन्महिने खपणारा माणूस थांबणार नाही, आणि असा माणूस कोणत्याही परवान्याने थांबत नाही. परवान्याने थांबते ती घाऊक सोय. आबेंच्या मारेकऱ्याच्या हाती नळ्या जोडून केलेले बेढब हत्यार होते, पिस्तूल आणि काडतुसांची पेटी नव्हती. खंडणीच्या टोळीला, सुपारी घेणाऱ्याला, निवडणुकीच्या हंगामात दहशत घालणाऱ्याला दरवेळी हमखास उडणारे काडतूस लागते. ते त्याला मिळू नये यासाठी टोपी हीच जागा आहे. गुन्हेगार अर्ज करायला येत नाहीत हेही खरे. पण टोप्या विकणारा अर्ज करतो, आणि वही त्याच्याकडे असते.

तिसरा आक्षेप गळतीचा. क्लबला टोप्या आणि दारू दिली तर त्या मागच्या दाराने जाणार नाहीत कशावरून? जातील, जर घरोघरी दिल्या तर. म्हणून घरच्या टेबलावर तरफ हा अमेरिकी नमुना मी इथे सुचवणार नाही. आपल्या चाळी, अपार्टमेंट, खाली दुकान वर घर अशा वस्तीत दारू साठवणे आगीच्या दृष्टीनेही नको. राज्य रायफल संघटनेशी संलग्न क्लबाच्या रेंजवर एक खोली, तिथेच तरफ, तिथेच कुलपातली दारू, आणि सदस्याने आणलेल्या पुंगळ्या तिथेच भरून तिथेच उडवायच्या. टोप्यांचा हिशेब बॅचच्या क्रमांकासह: आलेल्या, बसवलेल्या, फुकट गेलेल्या, उरलेल्या. पोलीस आणि सैन्याच्या रेंजवर उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मोजून परत जमा करण्याची शिस्त पिढ्यानपिढ्या आहे. एक पुंगळी कमी पडली तर शोधाशोध होते. तीच शिस्त नागरी क्लबला लावायची. भरलेल्या काडतुसाच्या बुडावर क्लबाची छोटी खूण ठोकणे सक्तीचे केले तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे हरवलेले अर्धे काम परत मिळते. नागरी वापराच्या काडतुसांत टोपी कोणत्या पद्धतीची बसवायची, हाही एक शांतपणे चालणारा मार्ग आहे. १८६० च्या दशकात एडवर्ड बॉक्सर आणि हायरम बर्डन यांनी काढलेल्या दोन पद्धतींपैकी बॉक्सरची टोपी मधल्या एकाच भोकातून सहज ढकलून निघते. बर्डनच्या पुंगळीत आधार आतच असतो, भोके दोन आणि बारीक, त्यामुळे ती पुन्हा भरणे त्रासाचे. क्लबला लागणारी काडतुसे पहिल्या पद्धतीची आणि दुकानातून सर्वसामान्य परवान्यावर जाणारी दुसऱ्या पद्धतीची ठेवता येतील. खडकी आणि वरणगावचे कारखाने आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत, मुख्यालय पुण्यातच. हा निर्णय तिथे घेता येण्यासारखा आहे.

खरी अडचण कार्यालयांची आहे. बंदुकीचा परवाना बेंगळुरूत पोलीस आयुक्तांकडून मिळतो. दारूगोळा बनवण्याचा विषय दिल्लीत गृह मंत्रालयाकडे. दारू ही स्फोटक म्हणून १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते आणि तिचे मुख्य कार्यालय, पेसो, आहे नागपुरात, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत. तीन कार्यालयांच्या तीन वह्या एकमेकांना भेटत नाहीत. क्लबाच्या खोलीला परवाना द्यायचा तर तिघांनी मिळून एकच अर्ज, एकच नोंदवही आणि एकच तपासणी मान्य करावी लागेल, आणि आपल्याकडे कायदा बदलण्यापेक्षा हे कठीण. कायद्याचे मात्र तेवढे अवघड नाही. शस्त्र कायद्याच्या एक्केचाळिसाव्या कलमाने केंद्राला सार्वजनिक हितासाठी शस्त्रांचा वा दारूगोळ्याचा कोणताही प्रकार अधिसूचनेने कायद्याच्या तरतुदींतून वगळण्याचा अधिकार दिला आहे. कोडगूची सूटही याच कलमाखाली दिलेली आहे. दाब देणारी हातयंत्रे त्याखाली वगळता येतील. टोपी व्याख्येत आहेच. तिच्या किरकोळ विक्रीची, बॅचची आणि क्लबच्या वहीची पद्धत शस्त्र नियमांत एका दुरुस्तीने घालता येईल. यातल्या कशालाही संसदेचे अधिवेशन लागत नाही. गृह मंत्रालयाने मसुदा काढून हरकती-सूचना मागवल्या, तर पहिल्या हरकती बहुधा बंदूक विक्रेत्यांकडून येतील, कारण तयार काडतुसांचा धंदा त्यांचा आहे. त्या वाचताना हा हितसंबंध ध्यानात ठेवावा लागेल.